कोऱ्या नळीतला उजेड

निवृत्ती पगारेंनी आयुष्यात बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुतल्या, आणि त्या कामाला कुणी कमी लेखलेलं त्यांना खपत नसे. "नळी धुणं म्हंजे भांडी घासणं नाय," असं ते सातपूरच्या कॉलनीत पारावर बसून सांगत. "भांडं दिसायला साफ असलं की झालं. नळी आतून साफ लागते, आन् आतलं काय डोळ्याला दिसत नाय." ऐकणारे बहुतेक कारखान्यांतून निवृत्त झालेले. त्यांना लेथ मशिनपुढे दुसरी कुठली विद्या ठाऊक नव्हती, त्यामुळे हे ज्ञान पारावरच सांडून जायचं. पगारेंना त्याचं वाईट वाटत नसे. त्यांची धाकटी लेक तेजस्विनी रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. बापाच्या बोलण्याची किंमत घरात एका माणसाला तरी कळत होती.

त्या रविवारी सकाळी तेजस्विनीने हॉलमध्ये सेमिनारची तालीम ठेवली. बुधवारी विभागात सगळ्यांसमोर आपलं काम मांडायचं होतं, आणि आईला समजलं तर प्राध्यापकांना समजायला हरकत नाही असं तिचं गणित होतं. श्रोते दोनच. पगारे खुर्चीत, आणि त्यांच्या पत्नी सिंधुबाई खाली मेथी निवडत बसलेल्या. तेजस्विनीने पडदे ओढले आणि टेबलावर दोन काचेच्या कुप्या ठेवल्या. दुकानदार नोट खरी की खोटी बघायला वापरतात तसली जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी तिच्या हातात होती.

"या दोन्ही कुप्यांत मी बनवलेला एक रेणू आहे," ती म्हणाली. "त्याला दोन हात आहेत असं समज. हात रिकामे असले की तो अंधारात गप्प बसतो. जस्त सापडलं की दोन्ही हातांनी धरतो, आणि धरलं की उजळतो."

तिने लहान मुलांना जुलाबात देतात त्या जस्ताच्या औषधाचा एक थेंब एका कुपीत टाकला आणि बॅटरी लावली. कुपी मोरपिशी उजेडाने भरून गेली. शेजारची तशीच काळी राहिली. सिंधुबाईंचा मेथीतला हात थांबला.

"जस्त म्हंजे आपल्या बादलीला असतं ते?"

"तेच. पण आपल्या रक्तातही असतं, अगदी थोडं. ते कमी पडलं की पोरांची वाढ खुंटते, जखमा लवकर भरत नाहीत. पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या पोरांच्या रक्तात ते किती आहे हे स्वस्तात कळावं म्हणून हा सगळा खटाटोप." मग ती हसली. "आणि तू बादलीचं नाव काढलंस म्हणून सांगते. त्याच बादलीने मला तीन आठवडे रडवलंय."

झालं होतं असं. लॅबमधलं शुद्ध पाण्याचं मशिन बिघडलं, तेव्हा वरच्या मजल्यावरून पाणी आणायला सुरुवात झाली. त्या दिवसापासून जी कुपी कोरी ठेवायची, जिच्यात जस्ताचा कणही टाकायचा नाही, तीही उजळायला लागली. तेजस्विनीला वाटलं आपला रेणूच खोटा निघाला. पुन्हा बनवला, पुन्हा शुद्ध केला, तरी तेच. शेवटी कळलं की वरच्या मजल्यावर ते पाणी पत्र्याच्या टाकीत साठवून ठेवत होते.

"पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो ना. शुद्ध पाणी उपाशी असतं, आई. ज्या भांड्यात ठेवाल त्याचंच थोडं थोडं खातं. मी रेणूला खोटं ठरवत होते, आणि तो बिचारा सांगत होता की बाई गं, या पाण्यात जस्त आहे."

सिंधुबाई खुदकन हसल्या. पगारेंना हसू आलं नाही. तेजस्विनी पुढे बरंच काही बोलली, आकडे दाखवले, आलेख दाखवले. पगारे समोर बघत होते, पण त्यांच्या कानांत त्यातलं एक अक्षर शिरत नव्हतं. "पप्पा, काही कळलं का?" असं तिने शेवटी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लय चांगलं झालं," आणि उठून गच्चीवर गेले.

गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याची एक जुनी टाकी होती. खाली पितळी तोटी, वर कडी असलेलं झाकण. तिच्यात वर्तमानपत्रांची रद्दी भरलेली असायची. पगारे तिच्यापुढे उकिडवे बसले आणि त्यांना पंचवीस वर्षांपूर्वीची एक खोली दिसायला लागली.

पगारे ज्या कॉलेजात शिपाई होते तिथल्या रसायनशास्त्राच्या ललिता सोनवणे मॅडम तेव्हा सदतीस वर्षांच्या होत्या. दिवसभर वर्गावर शिकवायच्या आणि चार वाजता पोरं गेली की एप्रन चढवून स्वतःच्या पीएचडीचं काम काढायच्या. विभागाच्या मागे एक अडगळीची खोली होती. मोडकी स्टुलं, फुटके ब्युरेट, कुणाकुणाच्या जुन्या जर्नल्स. दोन रविवार खपून मॅडमनी आणि पगारेंनी ती रिकामी केली आणि खिडकीला काळा कागद चिकटवला. त्यानंतर पगारेही रोज सातपर्यंत थांबायला लागले. त्यांना कुणी थांब म्हटलं नव्हतं. कामाची वेळ संपल्यावर थांबणाऱ्या शिपायाला आपल्याकडे लोक वेडा तरी समजतात किंवा त्याचा काहीतरी डाव असणार असं तरी समजतात. पगारेंना ती खोली आवडायची म्हणून ते थांबायचे, दुसरं काही नाही.

आवडण्यासारखं तिथे काय होतं, असं कुणी विचारलं तर सांगणं कठीण. स्पिरिटचा आणि तापल्या काचेचा वास होता. ऊर्ध्वपातनाच्या काचेतून थेंब थेंब पडणाऱ्या पाण्याचा आवाज होता. आणि मॅडम होत्या, ज्या काम करता करता मोठ्याने विचार करायच्या आणि ऐकणाऱ्याला त्यातलं कळतंय असं गृहीत धरायच्या. विभागात चहा दोन तऱ्हेच्या कपांत यायचा, स्टाफचे वेगळे आणि बाकीच्यांचे वेगळे. मॅडमच्या खोलीत दोन्ही कप सारखे असायचे. त्याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. पगारेही बोलले नाहीत, पण त्या दोन कपांसाठी ते सातच काय, रात्री दहापर्यंतही थांबले असते.

मग जानेवारीतली ती संध्याकाळ आली. दोन हजार साल नुकतंच लागलेलं. मॅडमनी हाक मारली, "निवृत्तीभाऊ, दार लावा आणि इकडे या."

स्टँडमध्ये दोन नळ्या होत्या. दोन्हींत मॅडमनी बनवलेली पिवळसर पूड विरघळवलेली, एकीत जस्त, दुसरी कोरी. मॅडमनी जांभळ्या उजेडाचा दिवा लावला. पहिली नळी उजळली. असा निळा-हिरवा रंग पगारेंनी काचेत कधी पाहिला नव्हता. ते तिच्याकडे बघतच राहिले.

"उजळलेलीकडे काय बघताय," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "कोरीकडे बघा. ती काळी आहे. ती काळी राहिली म्हणून या उजेडाला अर्थ आहे." मग त्यांनी ती उजळलेली नळी स्टँडमधून काढून पगारेंच्या हातात दिली. "ही तुम्ही धुतलीत म्हणून हे दिसलं."

बत्तीस वर्षांत पगारेंना असं दुसरं वाक्य कुणी ऐकवलं नाही. घरी जाऊन त्यांनी ते सिंधुबाईंना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आणि चार वर्षांच्या तेजस्विनीला मांडीवर घेऊन सांगितलं. तेजस्विनी पुढे रसायनशास्त्राला का गेली याची दहा कारणं असतील, पण पहिलं हेच होतं.

फेब्रुवारीभर काम झपाट्याने झालं. जस्त दुप्पट केलं की उजेड दुप्पट, निम्मं केलं की निम्मा. मॅडमच्या वहीतले ठिपके एका सरळ रेषेत येऊन बसले. पुण्याचे मार्गदर्शक सर एप्रिलमध्ये बघायला येणार आणि मग प्रबंध लिहायला घ्यायचा, असं ठरलं.

मार्चमध्ये पाणीकपात सुरू झाली. ऊर्ध्वपातनाच्या काचेला थंड करायला नळाचं वाहतं पाणी लागतं, आणि नळ आता फक्त सकाळी येत होते. म्हणून पगारे सकाळी सातला येऊन दिवसभराचं शुद्ध पाणी काढून ठेवायला लागले. साठवायला एक प्लास्टिकचा कॅन होता. त्याच्या तळाशी हिरवं शेवाळ धरलेलं, काही केल्या निघत नव्हतं. मॅडमचं पाणी असल्या कॅनमध्ये ठेवायला पगारेंचं मन घेईना. त्यांनी भांडी बाजारात जाऊन पदरच्या पैशांनी एक नवीकोरी पत्र्याची टाकी आणली. तिचा पत्रा असा लखलखत होता की त्यात तोंड दिसावं. सहा वेळा धुतली, वर धुवट पांढरं फडकं बांधलं आणि मागच्या व्हरांड्यात ठेवली. मॅडमच्या टेबलावर पोचायच्या त्या फक्त पाण्याने भरलेल्या बाटल्या. टाकी त्यांनी कधी पाहिलीच नाही.

त्यानंतर आठवडाभरात कोरी नळी उजळायला लागली.

मॅडम पार चक्रावल्या. आधी दिव्याला दोष दिला, मग नळ्यांना, आणि शेवटी स्वतःच्या पुडीला. पूड पुन्हा बनवली. अकरा वेळा शुद्ध केली. अकराच्या अकरा वेळा पगारे शेजारी उभे होते, त्यांनी स्वतः मोजल्या होत्या. एकदा मॅडमनी थकून विचारलं होतं, "निवृत्तीभाऊ, पाणी तर बदललं नाही ना?"

आणि पगारे म्हणाले होते, "नाय मॅडम. तेच पाणी. मी सोता काढतो."

खोटं ते बोलले नव्हते. पाणी तेच होतं, नळही तोच, काचही तीच. भांडं बदललं म्हणजे पाणी बदललं, हे कुठल्या घरात कुणी मानतं?

एप्रिलमध्ये पुण्याचे सर आले. दिवा लागला, दोन्ही नळ्या उजळल्या. सर म्हणाले, "हे साध्या पाण्यालाही उजळतंय, बाई. हे जस्त शोधत नाही. हे नुसतंच उजळतं." अर्ध्या तासात ते निघूनही गेले. मॅडमनी दिवा बंद केला, काळा कागद स्वतःच्या हाताने फाडून काढला आणि पुडीची तपकिरी बाटली पगारेंकडे दिली. "फेकून द्या." नंतर त्या दारामागे उभ्या राहून रडल्या. पगारे व्हरांड्यात उभे होते, आत जायची त्यांची छाती झाली नाही. पुढे तेवीस वर्षं मॅडमनी पोरांना जीव ओतून शिकवलं, पण त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. कुणी पीएचडीचा विषय काढला की हसून म्हणायच्या, "माझ्या हाताला गुण नाही हो." विभागात नवं मशिन आलं तेव्हा टाकी निकामी झाली, आणि पगारे ती घरी घेऊन आले.

हे सगळं गच्चीवर उकिडवं बसून आठवताना पगारेंचा संशय पक्का होत गेला. तरी खात्री करायला हवी होती. बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला माणूस नुसत्या संशयावर स्वतःलाही दोषी धरत नाही. त्यांनी टाकीतली रद्दी काढली, टाकी सहा वेळा धुतली, तेजस्विनीच्या बॅगेतली शुद्ध पाण्याची बाटली अर्धी तिच्यात ओतली आणि दोन दिवस झाकून ठेवली. मग ट्रंक उघडली. तळाशी, निरोप समारंभाच्या शालीत गुंडाळलेली ती तपकिरी बाटली होती. ती फेकायचं त्यांच्याने झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी टाकीतलं पाणी, उरलेलं शुद्ध पाणी आणि ती तपकिरी बाटली तेजस्विनीच्या हाती दिली. "एवढं बघून दे. कोणाचं हाय ते इचारू नको."

ती संध्याकाळी आली तेव्हा चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. "पप्पा, ही पूड कुणाची आहे? थोडी काळवंडलीय, पण काय सुंदर काम करते. चांगल्या पाण्यात काळीकुट्ट राहते. तुमच्या दुसऱ्या पाण्यात नुसती लख्ख. त्या पाण्यात भरपूर जस्त आहे. तुम्ही ते कशात ठेवलं होतं?"

पगारेंनी वर, गच्चीकडे बोट दाखवलं. मग सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. तेजस्विनी तशीच चपला घालून पायरीवर बसली.

सिंधुबाईंनी मात्र ताबडतोब निकाल दिला. "गप बसायचं. सोनवणे बाईंनी पोरीला हाताला धरून शिकवलं, पुस्तकं दिली, फॉर्म भरले. दिवाळीला पयला फोन त्यांचा येतो. सगळं बरं चाललंय, आन् तुम्ही जाऊन सांगणार का तुमचं वाटोळं मी केलं? आता त्यांना काय मिळणार त्यातनं?"

पगारेंनाही तेच वाटत होतं, खोटं कशाला सांगा. मॅडम त्यांना भाऊ म्हणायच्या, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. सिंधुबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी दोन दिवस दवाखान्यात त्या बसल्या होत्या. नात्यातली माणसं फळं देऊन गेली होती. हे सगळं एका वाक्याने तुटलं तर सदुसष्टाव्या वर्षी नवीन बहीण कुठून आणायची?

"तू काय म्हणती?" त्यांनी लेकीला विचारलं.

तेजस्विनीने आता कुठे चपला काढल्या. "मला नाही सांगता येत, पप्पा," ती म्हणाली. "पण मागच्या महिन्यात मॅडमना माझे निकाल दाखवले ना, तर म्हणाल्या, बरं झालं तेजू, तुझ्या हाताला गुण आहे. माझ्या नव्हता. अजून म्हणतात."

पगारेंनी तिच्याकडून बाटली परत घेतली. बुधवारी लेकीचा सेमिनार होऊ दिला. गुरुवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, तपकिरी बाटली रुमालात बांधली आणि नाशिक रोडला मॅडमच्या घरी निघाले.

सीबीएस स्टँडवर बस बदलली, तिथे खिडकीशी जागा मिळाली आणि द्वारका चौक येईपर्यंत त्यांना एक गोष्ट आठवली. आठवली म्हणजे अगदी आवाजासकट. त्या मार्चमध्येच, शेवाळ धरलेला कॅन बघून मॅडम म्हणाल्या होत्या, "निवृत्तीभाऊ, पाणी जरा चकचकीत भांड्यात ठेवत जा हो." म्हणून तर ते भांडी बाजारात गेले होते. पगारे ताठ बसले. छातीवरचं निम्मं ओझं उतरल्यासारखं झालं. मीच एकटा कसा, तुम्हीच तर म्हणाला होतात मॅडम, असं वाक्य त्यांनी मनातल्या मनात जुळवलं. गांधीनगरपर्यंत ते तीन-चार वेळा घोकलं. दर वेळी ते जास्तच खरं वाटत गेलं.

मॅडमनी दार उघडलं. केस पांढरे झालेले, चश्मा गळ्यात लोंबतोय. "अरे, निवृत्तीभाऊ. एकटेच? या, या. हे बाजारात गेलेत. तेजूचा सेमिनार छान झाला म्हणे."

"मॅडम, आधी बोलतो. मग बसायचं का नाय ते तुम्ही सांगा."

त्यांनी रुमाल सोडून बाटली टेबलावर ठेवली. चिठ्ठीवर मॅडमचं अक्षर होतं, शाई पुसट झालेली. मॅडमनी चश्मा लावला, बाटली हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. पगारे उभ्या उभ्या बोलायला लागले. पाणीकपात, कॅन, टाकी, सहा वेळा धुणं, पांढरं फडकं. मग तेजस्विनीचं मशिन, मंगळवारचा निकाल. शेवटी म्हणाले, "पूड चांगली होती मॅडम. पयल्यापासून चांगली होती. कोरी नळी उजळली कारण ती कोरी नव्हतीच. जस्त मी घालत होतो, रोज, बाटल्या भरभरून."

मॅडम बाटली घेऊन खुर्चीत बसल्या.

"टाकी कधी आणलीत?" त्यांनी विचारलं. आवाज वर्गातला होता.

"होळीच्या दोन दिवस आधी."

"म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारीचे सगळे आकडे खरे होते."

"हो मॅडम."

"रेषा खरी होती."

"हो."

"मी चुकले नव्हते." हे त्या पगारेंना म्हणाल्या नाहीत, भिंतीला म्हणाल्या. मग मान वळवली. "मी तुम्हाला विचारलं होतं. पाणी बदललं का, म्हणून."

"इचारलं होतं."

"तुम्ही नाही म्हणालात."

घोकलेलं वाक्य पगारेंच्या जिभेच्या टोकावर आलं. ते मान खाली घालून उभे राहिले.

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. "मला राग येतोय, निवृत्तीभाऊ. तुम्हाला वाटत असेल बाई म्हणतील जाऊ द्या, तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत. मुद्दाम केलं नाहीत, मला माहीत आहे. तरी येतोय. अकरा वेळा शुद्ध केलं मी ते. अकरा वेळा, आणि तुम्ही शेजारी पाणी धरून उभे."

"हो मॅडम."

"पंचवीस वर्षं हा राग मी स्वतःवर काढलाय. रोज. वर्गात शिकवताना, पोरांचे रिझल्ट बघताना, अगदी तेजूचं कौतुक करतानासुद्धा. आपल्याला जमत नाही, आपण कच्च्या, आपण उगाच त्या वाटेला गेलो. आज पहिल्यांदा तो दुसऱ्या कुणावर तरी काढता येतोय." त्यांनी पदराने डोळे पुसले. "याने किती हलकं वाटतंय, ते तुम्हाला नाही कळायचं."

पगारेंना ते कळलं. नको इतकं कळलं. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, पण रुमाल टेबलावर होता आणि तो घ्यायला पुढे जायचं की नाही हे त्यांना उमगेना.

मॅडम खिडकीशीच काहीतरी आठवत उभ्या होत्या. कपाळाला आठी पडली. त्या सावकाश म्हणाल्या, "एक सांगा. त्या कॅनवरून मी काही बोलले होते का तुम्हाला? चकचकीत भांड्यात ठेवा, असं काही?"

पगारेंनी त्यांच्याकडे पाहिलं. खिडकीतल्या उजेडात त्या एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या, आणि आता काय ऐकायला मिळतंय या भीतीने त्यांनी गज घट्ट धरला होता.

"नाय मॅडम," ते म्हणाले. "तसं कायच बोलला नव्हता तुम्ही. ती माझीच अक्कल."

मॅडमनी गजावरचा हात काढला.

"मग बसा," त्या म्हणाल्या. "मला खूप बोलायचंय तुम्हाला."

पगारे खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले.